टॉपच्या दोन एमएम आधी

डाव्या सिलिंडरचं हेड काढलं तेव्हा पिस्टनच्या मधोमध करंगळी जाईल एवढं भोक होतं. कडा वितळून आत वळल्या होत्या. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चंदेरी ठिपके चिकटले होते, ते पिस्टनचंच ॲल्युमिनियम. उजवीकडचा पिस्टन मात्र शाबूत होता. वरती काजळीचा पातळ थर, प्लग बदामी, लायनरला एक ओरखडा नाही. पेट्रोल एकाच टाकीतलं, ऑइल एकाच पंपाचं, क्रँकही एकच, आणि तरी एक बाजू जळाली आणि दुसरी ठणठणीत राहिली. जुन्या टू-स्ट्रोक गाडीच्या टायमिंगबद्दल, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते त्याबद्दल, मी जे काही शिकलो ते या एका फरकाचा माग काढताना.

गाडी राजदूत ३५०. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये आपल्याकडे आणली ती ही. खानदेशात नुसतं राजदूत म्हटलं की लोकांना १७५ आठवते, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेली. ही तिच्याशी नाव सोडून कशातच जुळत नाही. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. पुढे ती हाय टॉर्क आणि लो टॉर्क अशा दोन प्रकारांत मिळायची, माझी लो टॉर्क. धुळ्याजवळच्या एका शेतकरी कुटुंबाकडून घेतली. त्यांनी काही लपवलं नाही. धुळे-पारोळा रस्त्यावर भर वैशाखात फुल थ्रॉटल धरली होती, एकदम दम गेला, मग एका सिलिंडरवर फटफटत घरी आणली आणि गोठ्याशेजारच्या खोलीत लावून दिली. त्याच्या थोडं आधी कुठेतरी नवे पॉइंट (उघडमीट करून ठिणगीची वेळ ठरवणारे विजेचे संपर्क) टाकून घेतले होते आणि त्यानंतर गाडी फार मस्त पळत होती, हेही त्यांनीच सांगितलं. ते वाक्य मी मनात ठेवलं.

अमळनेरला आमच्याकडे एक जुने मिस्तरी आहेत. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो. आता दुकान मुलाकडे आहे, पण आरडी किंवा जावा आली की स्टूल घेऊन स्वतः येऊन बसतात. मी भोक पडलेला पिस्टन दाखवला आणि साहजिकच इंजिन उतरवायला पाना उचलला. त्यांनी हात धरला. म्हणाले, "भो, प्लेटले हात लावू नको. पहिले दख, बत्ती कवय लागस." म्हणजे पॉइंटच्या प्लेटला हात न लावता, आहे त्या अवस्थेत डावा पॉइंट नेमका कधी उघडतो ते आधी मोज.

हा सल्ला मला आजही सर्वात मोलाचा वाटतो. भोक पडण्याची कारणं अनेक असतात. मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, झालेलं असेल, क्रँकच्या सीलमधून हवा ओढली जात असेल, कार्ब्युरेटरचा जेट तुंबला असेल, प्लग चुकीच्या गरमीचा असेल, नाहीतर टायमिंग पुढे गेलेलं, म्हणजे ठिणगी लवकर पडत असेल. क्रँक बाहेर काढायचा तर पॉइंटची प्लेट उतरवावीच लागते, आणि ती एकदा उतरली की टायमिंगचा पुरावा कायमचा गेला. मग नवा पिस्टन टाकायचा, सगळं नवं बसवायचं आणि जुनं कारण तसंच राहिलं नाही ना, या धाकात गाडी चालवायची.

मोजायचं कसं, हा खरा प्रश्न होता. एरवी डायल गेज, म्हणजे पिस्टनची बारीक सरक काट्यावर दाखवणारं माप, प्लगच्या भोकातून आत सोडतात. इथे सळई थेट पिस्टनच्या भोकातून खाली क्रँककेसमध्ये गेली असती. म्हणून हेड काढलेलंच ठेवलं आणि पिस्टनच्या कडेवर गेजचं टोक टेकवायचं ठरलं. गेजचा मॅग्नेट स्टँड ॲल्युमिनियमला चिकटत नाही. शेजारच्या लेथवाल्यानं जाड लोखंडी पट्टी कापून दिली, ती आम्ही सिलिंडरच्या स्टडवर नळीचे तुकडे आणि नट लावून आवळली. त्यात दुसरंही काम झालं. आरडीचं हेड आणि सिलिंडर एकाच स्टडवर आवळलेले असतात. हेड काढून इंजिन फिरवलं तर पिस्टनबरोबर सिलिंडर वर उचलला जाऊ शकतो. पट्टीनं तो खाली दाबून धरला.

पॉइंट कधी उघडतो हे बघायला बारा व्होल्टचा छोटा बल्ब पुरतो. एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या बॉडीला, चावी चालू. पॉइंट मिटलेला असेपर्यंत करंट त्याच्यातूनच अर्थला जातो, बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडला की करंटला बल्बमधूनच वाट उरते आणि तो पेटतो. त्याच क्षणी कॉइल ठिणगी सोडते. एवढंच ध्यानात ठेवायचं की पॉइंट मिटलेला असताना चावी उगाच चालू ठेवायची नाही, कॉइल तापते. भर दुपारी अंगणात तो बल्ब पेटलेला दिसतही नाही, म्हणून आम्ही हे काम पहाटे केलं. आबांच्या मते खानदेशात चैत्र-वैशाखात नाजूक कामाला पहाटेशिवाय वेळच नाही, आणि ते खरंही आहे. दुपारी पाना हातात धरवत नाही.

गाडी डबल स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागचं चाक पुढच्या दिशेनं हळूहळू फिरवत पिस्टन वर आणला. डायलचा काटा चढत जातो, थांबतो आणि उलटा फिरतो. जिथे थांबतो तो टॉप. तिथे डायल शून्यावर आणली. मग चाक मागे फिरवून पिस्टन चार एमएम खाली नेला आणि पुन्हा पुढच्या दिशेनं वर आणत गेलो. मागे नेऊन परत पुढे येणं टाळायचं नाही, कारण गिअर आणि चेनमधली ढिलाई काढून टाकल्याशिवाय वाचन खरं येत नाही. उजव्या बाजूला बल्ब टॉपच्या २.० एमएम आधी पेटला. कंपनीचा आकडाही हाच आहे, २.० एमएम, त्यात वर-खाली ०.१५ पर्यंत सूट. डाव्या बाजूला पेटला २.८ एमएमवर.

आठ दशांश एमएम ऐकायला काहीच वाटत नाही. पण आरडीचा स्ट्रोक ५४ एमएम आहे, आणि टॉपच्या जवळ पिस्टन अगदी सावकाश सरकतो. २.० एमएम म्हणजे क्रँकचे साधारण २० अंश. त्या जागी ०.१ एमएम म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. २.८ म्हणजे ठिणगी सुमारे चार अंश लवकर. ६००० आरपीएमला २० अंश फिरायला क्रँकला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून थोडा जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात पेट्रोल पेटून दाब तयार व्हायला हवा आणि तो पिस्टन टॉप ओलांडून खाली निघाल्यावर टिपेला पोचायला हवा. ठिणगी लवकर पडली की पिस्टन अजून वर येत असतानाच दाब जास्त चढतो आणि टॉपच्या फार जवळ टिपेला जातो. कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण मग आपोआप भडकतं, आतून टणटण आवाज येतो. त्या धक्क्यानं धातूच्या अंगाला चिकटून असलेला वायूचा पातळ संरक्षक थर उडतो आणि सगळी आग थेट पिस्टनच्या डोक्यात शिरते. फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीत. पिस्टनला विसावाच नाही. मधोमध उष्णता बाहेर जायला वाट सर्वात लांब, म्हणून भोकही तिथेच पडतं.

डाव्या पॉइंटची गॅप, म्हणजे पूर्ण उघडल्यावरची फट, फिलर गेजच्या ठरावीक जाडीच्या पात्यांनी मोजली तर ०.५५ एमएम निघाली. हवी ०.३ ते ०.४. कारण इथेच कळलं. गॅप मोठी केली की क्रँकबरोबर फिरणाऱ्या कॅमचा उंचवटा पॉइंटला लवकर गाठतो, पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग ॲडव्हान्स होतं, म्हणजे पुढे जातं. गॅप कमी झाली की उलट. म्हणजे गॅपला हात लावला की टायमिंग हललंच. नवे पॉइंट टाकताना कुणीतरी उजवी बाजू नीट लावली आणि डावी गॅपच्या अंदाजावर आणि कानावर सोडली असणार.

मालक म्हणाले होते की पॉइंट बदलल्यावर गाडी मस्त पळत होती. ते खोटं नव्हतं. थोडं ॲडव्हान्स टायमिंग कानाला गोड लागतं. आयडलिंग टवटवीत होतं, मूठ पिळली की इंजिन झटकन उचलतं. आरडीत वेगानुसार टायमिंग पुढेमागे करणारी काही यंत्रणा नाही. जे आयडलला तेच टॉप स्पीडला. कमी वेगात जे टायमिंग छान वाटतं तेच फुल थ्रॉटलला, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, समोरून गरम वारा येत असताना पिस्टन वितळवतं. आमच्याकडचे कितीतरी मिस्तरी निव्वळ कानावर टायमिंग लावतात आणि शंभरातल्या बहुतेक गाड्यांना ते चालूनही जातं, कारण त्या गाड्या कधी तशा पिटाळल्या जात नाहीत. त्यांचा कान मला खरोखर आदरानं ऐकावासा वाटतो, बेअरिंगचा किंवा क्लचचा आवाज ते दुरून ओळखतात. पण टायमिंग हे ऐकण्याचं काम नाही. लोडवर काय होतं ते स्टँडवर उभ्या गाडीत ऐकूच येत नाही. आबा स्वतः इतका तयार कान असून सांगतात, "पहिले गेजले इचार, मंग कानले."

मापं मिळाल्यावर इंजिन उतरवलं. हा भाग थोडक्यात सांगतो. क्रँककेसमध्ये ॲल्युमिनियमचे कण पसरलेले होते, त्यामुळे खालून पूर्ण उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. क्रँक जळगावला पाठवून बेअरिंग आणि सील बदलून घेतले. डाव्या बाजूचं जुनं सील मी मुद्दाम नीट तपासलं. ओठ मऊ होता, कुठे चिरलेला नव्हता, म्हणजे हवा ओढल्याचा संशय मिटला. दोन्ही कार्ब्युरेटरचे जेटही सारखेच आणि मोकळे होते. दोन्ही सिलिंडर एकाच मापाला रिबोर केले, एकाच ओव्हरसाइझचे पिस्टन घातले.

क्रँकबद्दल एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. आरडीत पॉइंटचा कॅम क्रँकच्या डाव्या टोकावरच बसतो. क्रँक वाकडा असेल किंवा त्या बाजूचं बेअरिंग खेळत असेल तर ते टोक फिरताना हलतं, आणि गॅप प्रत्येक वेळी वेगळी निघते. अशा इंजिनाला टायमिंग कितीही मन लावून लावा, ते टिकत नाही. पुष्कळ लोक पॉइंटला दोष देत नवे-नवे पॉइंट आणत राहतात. पॉइंटची गॅप एकदा मोजा, पाच-सहा फेऱ्या फिरवून पुन्हा मोजा. आकडा बदलत असेल तर गाडी आधी क्रँकसाठी उघडायला हवी.

इंजिन बसल्यावर टायमिंगचं काम निवांत सुरू केलं. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो, तो तसाच ठेवला तर बल्ब मंद पेटतो आणि गाडी मिसिंग मारते. थिनरमध्ये बुडवलेली कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटमधून ओढली, काळी यायची थांबेपर्यंत. काचपेपर घासायचा नाही, त्याचे कण तोंडात रुततात. कॅमला तेल देणाऱ्या नमद्याला ग्रीसचा अगदी एक ठिपका दिला. जास्त दिलं तर तेच उडून पॉइंटवर येतं.

मग दोन्ही गॅप ०.३५. पॉइंट जास्तीत जास्त उघडलेला असताना फिलर आत घालायचा, आणि तो ना अडकला पाहिजे ना सैल गेला पाहिजे, कागदातून सुई ओढल्यासारखा हलका विरोध जाणवला पाहिजे. गॅप झाल्यावरच टायमिंग. क्रम उलटा केला तर पहिलं काम वाया.

आता प्लगच्या भोकातून गेज सोडता आलं. त्यासाठी जुना प्लग घेऊन त्याची चिनीमाती फोडून काढली, लेथवर आरपार भोक पाडून घेतलं आणि गेजची नळी त्यात पकडायला बाजूनं एक छोटा स्क्रू दिला. डायल गेजच्या टोकाला २.५ एमएमचे आटे असतात, त्या मापाच्या आट्यांची पितळी सळई करून तिचं खालचं टोक गोल घासलं. बाजारात तयार अडॅप्टर मिळतो, पण प्लगचा बनवलेला आमच्या हातात जास्त घट्ट बसतो. ज्या गाडीत प्लग तिरका असतो तिथे हीच सळई तिरकी जाते आणि वाचन फसवं येतं, एवढं लक्षात ठेवावं.

आरडीत एका सिलिंडरचा पॉइंट मोठ्या प्लेटवर असतो आणि दुसऱ्याची त्याच प्लेटवर स्वतःची छोटी प्लेट असते. मोठी प्लेट हलवली की दोन्हींचं टायमिंग बदलतं, छोटी हलवली की फक्त एकाचं. म्हणून आधी मोठीनं पहिली बाजू २.० वर आणायची, मगच छोटीला हात घालायचा. आणि दोन्ही सिलिंडरचा टॉप वेगवेगळा शोधून डायल वेगवेगळी शून्य करायची. क्रँक १८० अंशांचा आहे, एक पिस्टन वर असताना दुसरा खाली. म्हणून एका बाजूचं मोजमाप दुसरीला गृहीत धरून लावणं म्हणजे अर्धंच काम.

सर्वात जास्त चिकाटी लागते ती स्क्रू आवळताना. स्क्रू ढिला असताना बल्ब नेमका २.० वर पेटतो, आवळताना त्याच्या वॉशरबरोबर प्लेट केसभर सरकते आणि तोच बल्ब २.२ वर पेटायला लागतो. मी पहिल्यांदा आवळून झालं असं म्हणत फडकं उचललं, तेवढ्यात आबा शांतपणे म्हणाले, "आवळी ना? आते परत मोज." त्यांचा हा हट्ट मी पूर्ण उचलला आहे. स्क्रू आवळल्यानंतरचंच वाचन खरं मानायचं. प्लेट कोणत्या बाजूला सरकते हे एकदा कळलं की तेवढी उलट बाजूला ठेवून आवळता येते. शेवटी दोन्ही बाजू २.० वर आल्या, फरक डायलच्या काट्याच्या जाडीएवढा.

त्या पहाटे किक मारल्यावर जो आवाज आला तो मालकांना बहुधा जुन्यापेक्षा मवाळ वाटला असता. आयडल थोडं जड, मूठ पिळल्यावर उचल अर्धा श्वास उशिरा. पण तीन हजारांच्या वर दोन्ही सिलिंडर एका सुरात ओढतात, आणि पूर्वी हँडलला जी बारीक थरथर होती ती गेली. रनिंग-इन संपवल्यावर चोपड्याला गेलो. तापी ओलांडून पुढे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागलो, यावल आणि फैजपूरच्या बाजूनं केळीच्या बागांमधून. त्या रस्त्यावर मूठ धरून ठेवायला सरळ पट्टे मिळतात. एका पट्ट्यावर फुल थ्रॉटलवर चावी बंद केली, क्लच दाबला आणि गाडी कडेला घेऊन दोन्ही प्लग काढले. दोन्हींचा रंग सारखा बदामी, आणि चिनीमातीवर चंदेरी कण कुठेही नव्हते. जी बाजू आधी जळाली होती तिच्याकडे मी दुप्पट वेळ बघत बसलो.

नवे पॉइंट बसवल्यानंतर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये परत मोजायलाच हवं. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होते आणि टायमिंग मागे सरकतं. माझ्याकडे दोन्ही बाजू १.८५ पर्यंत आल्या होत्या, म्हणजे खालच्या मर्यादेला टेकल्या. मागे सरकणं पुढे सरकण्याइतकं घातक नाही, गाडी फक्त मंद होते आणि सायलेन्सर जास्त तापतो. म्हणून जुन्या पॉइंटची गाडी हळूहळू सुस्त होत जाते आणि मालकाला कळतही नाही. पॉइंट काळे-निळे पडून उघडताना पांढरी ठिणगी मारायला लागले तर टायमिंगला हात लावण्याआधी कंडेन्सर बदलून बघावा.

आता पुष्कळ लोक पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. रोज गाडी वापरणाऱ्याला ते सोयीचं आहे, त्यात टाच झिजत नाही. पण किट बसवल्यावरही त्याची प्लेट कुठे फिरवायची हे डायलनंच ठरवावं लागतं. किट बसलं म्हणून मोजणं सोडलेल्या गाड्याही मी उघड्या पडलेल्या पाहिल्या आहेत. मी पॉइंट ठेवले, कारण बल्ब आणि डायल घेऊन बसलं की इंजिनाची तब्येत हातानं समजते.

पंपावरचं पेट्रोलही आता वीस टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटला मिश्रण थोडं पातळ पडतं. माझ्या गाडीचा मेन जेट मी एका नंबरनं वाढवला आहे, आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टायमिंग कंपनीच्या मर्यादेत राहून थोडं मागे ठेवतो. मार्च संपता संपता दोन्ही बाजू १.९ वर आणतो. मृगाचा पाऊस पडून हवा थंड झाली की पुन्हा २.०. दरवेळी आधी गॅप, मग टायमिंग, आणि आवळल्यानंतर पुन्हा एकदा डायल.